शिरापासून पायापर्यंत

डोंबिवलीहून ठाण्याकडे निघालेल्या दुपारच्या लोकलमध्ये एखादी कॉलेजची मुलगी मधल्या मोकळ्या जागेत उभी असते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात वेफर्सचं पाकीट. वरची कडी तिने धरलेली नाही, पाठ कशाला टेकलेली नाही. गाडी सुटताना झटका बसतो, दिव्याजवळ रूळ बदलताना डबा दोन्ही बाजूंना हलतो, मुंब्र्याच्या वळणावर सगळा डबा कलतो, कळव्याच्या अलीकडे ब्रेक लागतो. मुलगी पडत नाही. फोनवरची नजरसुद्धा हलत नाही. आत्ता पडू नये म्हणून तू काय केलंस, असं तिला विचारलं तर ती म्हणेल, काहीच नाही.

या ‘काहीच नाही’त काय काय झालं ते बघण्यासारखं आहे. डबा कलला तेव्हा तिच्या पोटरीचे स्नायू किंचित ताणले गेले. प्रत्येक स्नायूच्या आत चातीच्या आकाराचे, काही मिलिमीटर लांबीचे संवेदक असतात. स्नायू किती ताणला आणि किती वेगाने ताणला, एवढंच ते सतत कळवत राहतात. तळपायाच्या त्वचेने भार टाचेकडून चवड्याकडे सरकल्याचं सांगितलं. कानाच्या आत, ऐकण्याशी काही संबंध नसलेल्या भागात, एकमेकींना काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांतला द्रव हलला आणि डोकं कुठल्या दिशेने फिरलं ते कळलं. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे, सूक्ष्म कण असतात. ते घसरले आणि वेग बदलल्याची बातमी गेली. लहान मेंदूने हे सगळं जुळवलं, आणि सेकंदाच्या छोट्याशा अंशात घोटा, गुडघा, कंबर, पाठ यांना उत्तरं पोहोचली. मुलीने तोवर पुढचं रील सुरू केलं होतं.

चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १९०६ साली या जाणिवेला ‘प्रोप्रियोसेप्शन’ असं नाव दिलं. आपले अवयव कुठे आहेत हे न बघता कळणं. डोळे मिटूनही तर्जनी नाकाच्या शेंड्यावर टेकवता येते ती याच्याच जिवावर. पाच ज्ञानेंद्रियांच्या शाळेतल्या यादीत हिला जागा नाही, कारण ती कधी संपावर जात नाही. गेली तर काय होतं, हे इयन वॉटरमन या इंग्रज माणसामुळे जगाला कळलं. १९७१ साली, एकोणीस वर्षांचा असताना, त्याला विषाणूचा संसर्ग झाला. त्यानंतर शरीराने स्वतःच्याच काही मज्जातंतूंवर हल्ला केला. स्नायू शाबूत होते, वेदना आणि उष्णता कळत होती. पण मानेखालचा स्पर्श आणि अवयवांचा ठावठिकाणा पूर्ण गेला. हात कुठे आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला कळेना. पुढे त्याने डोळ्यांच्या आधाराने बसायला, उभं राहायला, चालायला नव्याने शिकून घेतलं. प्रत्येक पाऊल विचार करून टाकायचं. खोलीतले दिवे गेले की तो खाली कोसळायचा.

या जाणिवेचं रेणूंच्या पातळीवरचं दार तर अगदी अलीकडे सापडलं. स्नायू किंवा त्वचा ताणली की पेशीच्या आवरणातलं ‘पिएझो-२’ नावाचं प्रथिन उघडतं आणि विद्युत संदेश सुरू होतो. या शोधासाठी आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तेही विभागून. उष्णता कशी कळते हे शोधणारे डेव्हिड ज्युलियस दुसरे मानकरी होते.

आता गंमत अशी, की आपण आपल्या शरीराविषयी बोलायला बसलो की यातलं अक्षरही बोलण्यात येत नाही. बोलतो ते पोट सुटल्याबद्दल, दंड जाड झाल्याबद्दल, रंग, केस, उंची, गालावरच्या खड्ड्यांबद्दल. लग्नाच्या हॉलमध्ये चार वर्षांनी भेटलेली मावशी पहिलं वाक्य ‘किती वाळलीस गं’ किंवा ‘चांगली भरलीस हो’ असंच बोलते, आणि हे प्रेमाने बोलते हे आणखी अवघड. शरीराशी असलेलं आपलं भांडण जवळजवळ सगळं बाहेरून दिसणाऱ्या शरीराशी असतं. आतून जाणवणारं शरीर त्या भांडणात पक्षकारच नसतं. ते भांडण शांत करायचं तर बाहेरच्या शरीराला आणखी चांगले शेरे द्यावेत, असं बहुतेक सल्ले सांगतात. मला वाटतं, वाट दुसरीकडून आहे.

१९९८ मध्ये मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी ‘नेचर’मध्ये एका पानाचा प्रयोग छापला. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवायचा, समोर टेबलावर रबराचा हात. दोन्हींवर एकाच वेळी, एकाच लयीत, रंगाच्या छोट्या कुंचल्याने हलकेच घासायचं. काही मिनिटांत बहुतेकांना समोरचा रबरी हात स्वतःचा वाटायला लागतो. म्हणजे ‘हे माझं शरीर’ ही इतकी पक्की वाटणारी गोष्टसुद्धा मेंदूने क्षणोक्षणी मांडलेला अंदाज आहे. डोळ्यांची साक्ष, त्वचेची साक्ष, स्नायूंची साक्ष जिथे जुळते तिथे तो ‘मी’ची खूण करतो.

२०११ मध्ये लंडनला मानोस त्साकिरिस आणि सहकाऱ्यांनी या प्रयोगाला आणखी एक पदर जोडला. भाग घेणाऱ्यांना आधी नाडीला हात न लावता, नुसतं आत लक्ष देऊन, स्वतःच्या हृदयाचे ठोके मोजायला सांगितले. ज्यांचा हिशेब जास्त चुकला त्यांना रबरी हात अधिक सहज आपला वाटला. आतला आवाज ज्यांना मंद ऐकू येतो ते शरीराविषयी डोळ्यांवर जास्त विसंबतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. नंतरच्या काही प्रयोगांत हा संबंध दिसला नाही, आणि ठोके मोजण्याच्या पद्धतीवरही आक्षेप आहेत, तेव्हा याला अंतिम सत्य मानू नये. पण शरीराच्या आतल्या खुणांशी असलेलं नातं आणि दिसण्याविषयीची नाराजी यांचा काही संबंध आहे, असं सुचवणारे इतरही अभ्यास आहेत.

मग डोळ्यांची साक्ष तरी किती खरी? अंघोळीनंतर न्हाणीघरातल्या आरशावर वाफ जमते. त्या वाफेवर, एक डोळा मिटून, आपल्या दिसणाऱ्या चेहऱ्याची बाह्यरेषा बोटाने काढा. मग बाजूला होऊन बघा. चेहरा निम्म्या आकाराचा निघतो. आरशापासून लांब जा, जवळ या, निम्म्याचा पाऊण होत नाही. आरसा आपल्यापासून जेवढा लांब, प्रतिमा आरशाच्या तेवढीच पलीकडे असते, त्यामुळे काचेवरची रूपरेषा नेहमी अर्धीच येते. रोज सकाळी आपण जिला उत्तर देतो ती आकृती आपल्या निम्म्या मापाची आहे, आणि हे आयुष्यभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

फोटोची गोष्ट याहून वाईट. ‘मी फोटोत चांगली दिसत नाही’ हे वाक्य इतकं सार्वत्रिक आहे की त्याला कारण असणारच. एक कारण १९७७ च्या एका अमेरिकन प्रयोगात सापडलं: माणसाला स्वतःची आरशातली, म्हणजे डावं-उजवं उलटलेली प्रतिमा आवडते, आणि त्याच्या मित्रांना न उलटलेली आवडते. ज्याला जी सवयीची, त्याला ती बरी. फोटोत आपण मित्रांना दिसतो तसे येतो आणि स्वतःलाच परके वाटतो. त्यात सेल्फी. साधारण एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतं, असा हिशेब २०१८ मध्ये अमेरिकी शल्यविशारदांनी मांडला, कारण सेल्फी दाखवत नाक बारीक करून मागणारे लोक त्यांच्याकडे येऊ लागले होते. दोष नाकाचा नव्हता, हाताच्या लांबीचा होता.

आणि आकडे? मध्य रेल्वेच्या फलाटांवर पूर्वी वजनाची यंत्रं असायची. नाणं टाकलं की रंगीत दिवे फिरायचे, काहीतरी खडखडायचं आणि खालून पुठ्ठ्याचं छोटं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या कितीतरी पोरांनी हातातलं सामान खाली ठेवून, मग सामानासकट, मग मित्राला खांद्यावर घेऊन अशी नाणी उडवली. ते यंत्र भलतंच प्रामाणिक होतं असं मला वाटतं. वजनाचा आकडा आणि तुमच्या नशिबाबद्दलचं विधान त्याने एकाच पुठ्ठ्यावर छापलं. आजचे अॅप तेच करतात, फक्त दोन्ही बाजू वेगळ्या आहेत हे सांगत नाहीत.

उंचीच्या वर्गाने वजनाला भागायचं, हे गणित बेल्जियमच्या अडोल्फ केटले याने १८३० च्या दशकात मांडलं. तो डॉक्टर नव्हता, गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होता. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, समोरच्या माणसाची तब्येत तपासायची नव्हती. त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव मिळालं १९७२ मध्ये, अॅन्सेल कीज यांच्याकडून. हा आकडा एकेकट्या माणसाबद्दल किती कमी सांगतो याचा सगळ्यात झकास पुरावा पुण्यातून आला. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच, शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावाची इंग्रजी आद्याक्षरं सारखी, म्हणून याला ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणतात. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांत जन्मलेली बाळं मोजली होती. सरासरी २.७ किलोची ती बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या ३.५ किलोच्या बाळांपेक्षा सगळ्या बाबतींत लहान होती, फक्त त्वचेखालची चरबी तितकीशी कमी नव्हती. वरून सडपातळ, आतून चरबीदार, ही आपली जन्मजात घडण.

याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही एकदम लक्षात ठेवावे लागतात. जाड दिसणाऱ्याकडे बघून ‘हा आजारी’ म्हणणं अडाणीपणाचं आहे. आणि सडपातळ दिसणाऱ्याने ‘मला कशाला साखर तपासायची’ म्हणणंही तितकंच. शरीराचा स्वीकार म्हणजे तपासणी टाळणं नव्हे. उलट शरीराची लाज वाटणारा माणूस डॉक्टरकडे जायला जास्त उशीर करतो, कारण काट्यावर उभं राहणं त्याला शिक्षेसारखं वाटतं.

दिवाळीतल्या पहाटेबद्दल बोलू. त्या एका सकाळी डोंबिवली-ठाण्याच्या आपल्या भागात शरीराची दोन्ही रूपं, आतून जाणवणारं आणि बाहेरून दिसणारं, तीन तासांच्या अंतराने भेटतात. पहाटे घरात अभ्यंगस्नान. आई पाठीला कोमट तेल चोळते, मग उटणं. थंडी वाजत असते, डोळ्यांत झोप असते, आणि तो तेलाचा हात दंडावरून, पाठीवरून सावकाश फिरतो. त्वचेत या चोळण्यासाठी जणू वेगळी तार टाकलेली आहे. स्वीडनमध्ये आके वाल्बो, होकान उलाउसोन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की केसाळ त्वचेत, म्हणजे पाठ, दंड, मांड्या इथे, काही मज्जातंतू असे आहेत की जे टोचणं, घासणं, पकडणं यांच्या कामाचे नाहीत. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर या मंद गतीने हात फिरला की ते सर्वांत जास्त चेततात, आणि त्याच गतीचा स्पर्श माणसाला सर्वांत सुखद वाटतो. हात त्वचेइतकाच ऊबदार असेल तर अधिकच. त्यांचा संदेश फार हळू जातो, सेकंदाला सुमारे एक मीटर. कुठे स्पर्श झाला हे सांगायला तो उशिरा पोहोचतो. ते काम दुसऱ्या जलद तारा आधीच करून टाकतात. ही सावकाश तार मेंदूच्या कडेला, घडीत लपलेल्या ‘इन्सुला’ या भागाकडे जाते. भूक, तहान, छातीतली धडधड, पोटातला गोळा, यांच्या खबरा येऊन पडतात त्याच जागी. तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन मालिश करणाऱ्या बाईला हे न्यूरॉन माहीत नसतात, तिला फक्त गती माहीत असते.

मग सात-आठ वाजता तीच मंडळी नव्या कुर्त्यात, पैठणीत, नथ घालून फडके रोडवर. गणेश मंदिराकडे जाणाऱ्या त्या एवढ्याशा रस्त्यावर दिवाळी पहाटेला सगळी तरुण डोंबिवली लोटते. ठाण्यात हेच राम मारुती रोडला आणि तलावपाळीला चालतं. ढोल, फोटो, जुने वर्गमित्र, आणि हजार नजरा. इथे शरीर पुन्हा बाहेरून दिसायला लागतं. ब्लाउज नीट बसलाय ना, पोट दिसतंय का, पिंपल झाकला गेलाय का. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये एक मजेशीर प्रयोग छापला. विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या, तरुणांत हास्यास्पद समजल्या जाणाऱ्या, गायकाच्या चेहऱ्याचा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचं आणि मग विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? विद्यार्थ्यांच्या मते जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात साधारण चौथा हिस्सा. फडके रोडवर तर प्रत्येक जण स्वतःचाच टी-शर्ट सांभाळत असतो. पिंपलचा हिशेब ठेवायला उरतो कोण?

हे कळून भागत मात्र नाही. ‘कोणी बघत नाही’ हे पटलं तरी आतला परीक्षक उठत नाही. मग लोक त्याला लाच देऊन बघतात. आरशासमोर उभं राहून ‘मी सुंदर आहे’ म्हणायचं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड यांनी २००९ मध्ये तपासलं की अशी वाक्यं घोकल्याने काय होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांना गरज होती, त्यांना आणखी वाईट वाटलं. वाक्य उच्चारताच मनाने त्याविरुद्धचे पुरावे गोळा करायला घेतले असावेत.

ठाण्याला या प्रश्नाचं एक वेगळं उत्तर तीसेक वर्षांहून अधिक काळ ऐकायची सवय आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, सुरू केली. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी घरांत पोहोचवण्यात त्यांच्या बोलण्या-लिहिण्याचा मोठा वाटा आहे. एलिसने १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडली. तिच्यातली एक कल्पना मला शरीराबाबत फार कामाची वाटते. एलिस म्हणायचा की माणसाला एकूण गुण द्यायचेच नाहीत, ना चांगले ना वाईट. गुण द्यायचे तर एकेका गोष्टीला द्या. ‘जिना चढताना मला धाप लागते’ हे विधान तपासता येतं, त्यावर काही करता येतं. ‘मी बेकार दिसते’ हे विधान तपासता येत नाही, ते नुसतंच चावत राहतं. परीक्षकाला लाच देऊन ‘उत्तम’ असा शेरा लिहून घेण्याऐवजी एलिस परीक्षाच रद्द करतो. हे ऐकायला सोपं आणि करायला महाकठीण, कारण आपण शाळेच्या पहिल्या दिवसापासून टक्क्यांत वाढलेली माणसं.

परीक्षा रद्द केली तर शरीराकडे बघायचं कसं? निव्वळ, शेरा न मारता, एकेक अवयवावर लक्ष कसं न्यायचं? आश्चर्य हे की त्याचा एक नमुना आपल्यापैकी अनेकांच्या तोंडपाठ आहे. दिवेलागणीला म्हटली जाणारी रामरक्षा. बुधकौशिक ऋषींच्या नावावर असलेल्या या स्तोत्राच्या सुरुवातीच्या भागात कवच आहे, आणि ते कवच माणसाच्या शरीरावरून क्रमाने खाली उतरतं. शिर, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, कंठ, खांदे, भुजा, हात, हृदय, पोट, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पाऊल. प्रत्येकाला रामाचं एक वेगळं नाव जोडलेलं. डोंबिवलीच्या चाळीत परकराला ओढ देत हे म्हणणाऱ्या पोरीने शेकडो संध्याकाळी आपल्या नाकावरून लक्ष नेलं, आणि ते नकटं आहे की धारदार याची चौकशी त्या ओळीत कुठेच नव्हती. ते आहे, ते सांभाळलं जावं, पुढे चला. पोटाची वेळ आली तरी तेच. स्तोत्र रचणाऱ्याला मज्जाशास्त्र ठाऊक होतं असा दावा मी करणार नाही. असे दावे आपल्याकडे फार स्वस्त झालेत. पण शरीराकडे शेरा न मारता बघण्याची शिस्त कोणीतरी पाठांतराच्या वाटेने घरोघर पोहोचवली, एवढं तर दिसतंच आहे.

पूजेतले अंगन्यास-करन्यास याच कुळातले. मंत्र म्हणत अवयवाला स्पर्श करायचा. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे संस्थापक स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी या न्यासातून योगनिद्रेची आधुनिक पद्धत तयार केली. ठाण्यातल्या घंटाळी मित्र मंडळाने सत्यानंद परंपरेतला हा योग आपल्या भागात रुजवला. तिथल्या वर्गांमधून कितीतरी गृहिणी, बँकवाले आणि निवृत्त मास्तर सतरंजीवर शवासनात आडवे होऊन योगनिद्रा शिकले. शिक्षक सांगतात: उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट, तिसरं, चौथं, तळहात, मनगट… लक्ष फक्त तिथे न्यायचं, हलवायचं काही नाही. थांबायचंही नाही, कारण थांबलं की विचार सुरू होतो.

सुरुवात अंगठ्यापासून का? कॅनडाचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड शस्त्रक्रिया करताना जाग्या रुग्णाच्या मेंदूवर हलका विद्युतप्रवाह सोडत आणि विचारत, कुठे जाणवलं? त्यातून १९३० आणि ४० च्या दशकांत मेंदूच्या पृष्ठभागावरचा शरीराचा नकाशा तयार झाला. तो नकाशा माणसासारखा काढला तर विचित्र बुटका तयार होतो: ओठ, जीभ आणि अंगठा अवाढव्य, पाठ आणि पोट एवढंसं. जिथे जाणीव बारीक, तिथे मेंदूची जमीन जास्त. सत्यानंदांच्या योगनिद्रेवरच्या पुस्तकात या नकाशाचा उल्लेख आहे. मला यातली दुसरीच बाब मोहवते. ज्या पोटाबद्दल आपण दिवसभर कुढतो त्याला मेंदूच्या स्पर्शाच्या नकाशात जेमतेम गल्लीबोळाएवढी जागा आहे, आणि ज्या अंगठ्याबद्दल आपण जन्मात एकदाही विचार करत नाही त्याला प्रशस्त मैदान मिळालंय.

कल्याणहून कसारा घाट चढून गेलं की इगतपुरी. तिथे धम्मगिरीत, सत्यनारायण गोएंका यांनी सुरू केलेल्या विपश्यना केंद्रात, दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळून हेच केलं जातं: डोक्यापासून पायापर्यंत लक्ष न्यायचं, जी संवेदना असेल ती पाहायची, हवी-नको म्हणायचं नाही. गोएंका हे शिकले ब्रह्मदेशात, ऊ बा खिन यांच्याकडे. त्याच परंपरेचा एक धागा अमेरिकेत जॉन काबात-झिन यांच्यापर्यंत गेला, आणि १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी त्यांनी सुरू केलेल्या कार्यक्रमात ‘बॉडी स्कॅन’ म्हणून बसला. आता तोच कानात इअरफोन घालून, इंग्रजी आवाजात, अॅपवरून ठाण्याला परत येतो.

इथे एक सावधगिरी. आत लक्ष देणं सगळ्यांनाच निववत नाही. ज्याला घबराटीचे झटके येतात तो आधीच छातीतल्या धडधडीवर पहारा ठेवून असतो. त्याला ‘ठोके ऐक’ म्हणणं म्हणजे आगीत तेल. फरक लक्ष देण्यात नाही, लक्ष कशासाठी दिलंय यात आहे. धोका शोधणारं लक्ष आणि नुसतं भेटायला गेलेलं लक्ष या वेगळ्या गोष्टी आहेत. अशा माणसाने पायांच्या तळव्यांपासून सुरुवात केलेली बरी, तिथे घाबरण्यासारखं फारसं काही घडत नाही. आणि जेवण टाळणं, खाऊन ओकणं, दिसण्याच्या भीतीने घराबाहेर न पडणं इथवर गोष्ट गेली असेल तर योगनिद्रा पुरणार नाही, मनोविकारतज्ज्ञच हवा. पहिला फोन करायला सरकारची १४४१६ ही टेलि-मानस सेवा आहे, मराठीतूनही बोलता येतं.

शेरा टाळायची आणखी एक वाट लिहिण्यातून जाते. नेदरलँड्समध्ये जेसिका अलेवा या संशोधिकेने २०१५ मध्ये एक फारच साधा उपाय तपासला. आपल्या शरीरावर नाराज असलेल्या तरुण बायकांना वेगवेगळ्या वेळी तीन लेखनकामं दिली. विषय दिसणं नाही, शरीर काय काय करतं. इंद्रियं, हालचाल, तब्येत, निर्मिती, संवाद अशा अंगांनी लिहायचं. तेवढ्यानेही त्यांची शरीराबद्दलची नाराजी इतर विषयांवर लिहिणाऱ्या गटापेक्षा कमी झाली. डोंबिवलीतल्या एखाद्या बाईला हेच काम दिलं तर वही पुरायची नाही. कणीक पुरेशी भिजली हे बोटांना कळतं. कुकरची शिट्टी चौथी की पाचवी हे दुसऱ्या खोलीत भांडत असतानाही कान मोजून ठेवतात. बाळाचं कपाळ गरम आहे हे पालथ्या हाताला थर्मामीटरआधी समजतं. रात्री वीज गेली तर मेणबत्तीच्या खणापर्यंत पाय आपोआप जातात. आणि ठाण्याला उतरायचं असेल तर कोणत्या खांद्याने, कुठल्या फटीतून, कोणाला न दुखावता दारापर्यंत सरकायचं, हे तर कुणी कधी शिकवलेलंसुद्धा नसतं.